दोन बाटल्यांतलं एकच औषध

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

मी २४ वर्षांची आहे. बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते आणि हॉस्टेलवर राहते. आई ५६ वर्षांची. गावी ब्लाऊज शिवते. तीन वर्षांपूर्वी तिला आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉइडचं निदान झालं. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं. मेथोट्रेक्सेटने मळमळायचं, म्हणून आईने ते परस्पर सोडलं. प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची गोळी मात्र दोन वर्षांहून जास्त काळ चालू आहे. जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून आणते. सोबत कॅल्शियम घेते. गेल्या वर्षी तिने मला विचारलं होतं, 'याने हाडं ठिसूळ होतात म्हणतात, खरं का गं?' मी लॅबमध्ये स्टेम सेलपासून हाडाच्या पेशी वाढवते आणि त्या ज्या द्रवात वाढतात त्या माध्यमात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडच घालते. म्हणून मी तिला बिनधास्त सांगितलं, 'अगं, स्टेरॉइडने तर हाडं बनतात.' गेल्या महिन्यात पाण्याची बादली उचलताना तिच्या पाठीत कळ आली. एक्स-रेत एक मणका दबलेला दिसला. आता मामा म्हणतात, 'त्या गोळ्या आधी उकिरड्यावर टाक.' त्यांनी कुठूनशी एक 'देशी' पुडी आणून दिली आहे. आईने चार दिवसांपासून गोळी बंद केली आहे. स्टेरॉइड हाड बांधतं की खातं? गोळी चालू ठेवायची की नाही? आणि आईचा मणका माझ्यामुळे मोडला का?

प्रिय मुली,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तुला दोन ओळी धाडल्या होत्या. त्या इथे पुन्हा छापते, कारण आज आणखी कुणाच्या घरी हेच चाललेलं असू शकतं. महिनोन्‌महिने घेतलेली स्टेरॉइडची गोळी एकदम बंद करायची नाही. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. बाहेरून आयता माल येऊ लागला की त्या हात आखडतात, आणि दोन वर्षांत तर पुरत्या सुस्तावतात. गोळी अचानक थांबली तर त्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर होत नाहीत. जागं व्हायला त्यांना आठवडे, कधी महिने लागतात. मधल्या काळात गळून जाणं, उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, आणि त्यातच ताप किंवा ऑपरेशन आलं तर जिवावर बेतणं, हे सगळं होऊ शकतं. आईने डॉक्टरांना फोन करून दुसऱ्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू केली, असं तू कळवलंस. त्यामुळे आता शांतपणे बोलता येईल.

तुझ्या तीन प्रश्नांपैकी पहिला मला सर्वांत आवडला. तो आधी घेते. वयाने लहान आहेस म्हणून 'तू' म्हणते आहे, रागावू नकोस.

तू लॅबमध्ये जे पाहिलंस ते खरं आहे. अस्थिमज्जेतल्या स्टेम सेलना व्हिटॅमिन सी, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि डेक्सामेथासोन दिलं की तीनेक आठवड्यांत त्या ऑस्टिओब्लास्टच्या, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशींच्या वळणावर जातात आणि कॅल्शियमचे कण साठवू लागतात. अलिझारिन रेड हा रंग टाकला की प्लेट कुंकवासारखी लाल होते. जगभरच्या लॅबमध्ये ही कृती रोजची आहे. पण मला सांग, त्याच फ्रिजमध्ये शेजारच्या कप्प्यात आणखी एक बाटली असते ना? त्याच पेशींपासून चरबीच्या पेशी बनवायची? तिच्यात इन्सुलिन असतं, इंडोमेथासिन असतं, आणि लेबल नीट वाच, डेक्सामेथासोनही असतं. बहुतेक कृतींमध्ये तर हाडाच्या बाटलीपेक्षा जास्तच, साधारण दसपट. पेशी त्याच आणि औषधही तेच, पण एका प्लेटमध्ये हाड होतं आणि दुसरीत लोणी. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या फ्रिजमध्येच होतं.

पोळपाटावरचा गोळा पुरीसाठी लाटायचा की करंजीसाठी, हे लाटेपर्यंत ठरलेलं नसतं. अस्थिमज्जेतली ती मूळ पेशी तशीच. हाडाच्या वाटेला जायचं तर तिच्यात रन्क्स-२ नावाचा जनुकांचा मुकादम जागा व्हावा लागतो, आणि व्हिंट नावाचे संदेश पोहोचावे लागतात. चरबीच्या वाटेवरचा मुकादम पीपार-गॅमा. कॉर्टिसॉल आणि त्याचे औषधी भाऊबंद या दोघांच्याही कानाशी लागतात. थोडं असेल, इतर संदेश हाडाच्या बाजूचे असतील आणि पेशी अजून कोवळी असेल, तर ते तिला वयात आणतात. फार असेल, रोज असेल, संपतच नसेल, तर व्हिंटचे निरोप अडवणारी प्रथिनं वाढतात, पीपार-गॅमाचं पारडं जड होतं आणि मज्जेत हाडाच्या जागी चरबी साठू लागते. आधीच तयार झालेल्या ऑस्टिओब्लास्ट कमी कोलॅजन विणतात आणि लवकर मरतात. हाडात गाडून घेऊन पहारा देणाऱ्या ऑस्टिओसाइट नावाच्या पेशीही मरतात. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुन्हा येते.

हे नुसतं प्लेटमधलं ज्ञान नाही. २००४ च्या सुमारास संशोधकांनी उंदरांच्या हाड बांधणाऱ्या पेशींतच एक एन्झाइम बसवलं. ते स्टेरॉइडला पेशीत शिरता शिरता निकामी करतं. अशा उंदरांना स्टेरॉइडचा भारी डोस दिला तेव्हा त्यांच्या हाडाच्या पेशी वाचल्या. म्हणजे औषध खरंच थेट त्या पेशींवर घाव घालतं. पण जवळपास त्याच काळात तशाच युक्तीने बनवलेल्या दुसऱ्या उंदरांमध्ये, कुठलंही औषध न देता, मणक्यांतलं हाड थोडं कमीच भरलं. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल पेशींना मिळालं नाही म्हणून. एकाच युक्तीने दोन उलट उत्तरं दिली आणि दोन्ही खरी. 

तेव्हा तू आईला खोटं सांगितलं नव्हतंस. तू एका प्लेटचं सत्य अख्ख्या बाईला लावलंस. प्लेटमध्ये तरुण, कोवळ्या पेशी असतात आणि त्यांना ठरावीक दिवस ठरावीक खुराक मिळतो. तिथे रक्तवाहिन्या नसतात, हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट नसतात, थांबलेली पाळी नसते, सुजलेले सांधे नसतात. तुझ्या आईच्या अंगात हे सगळं एकदम आहे.

तिच्या बाजूने एकेक मोजू. हाड हे घराच्या भिंतीसारखं एकदा बांधून सोडलेलं नसतं. एक टोळी रोज थोडं खणते, मागून दुसरी भरून काढते. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन खणणाऱ्या टोळीला लगाम घालून असतं. ते गेलं की पहिली काही वर्षं खणणं भराभर वाढतं. अमेरिकेत फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्येच पाळी जाणं आणि हाडं विरणं यांची गाठ दाखवून दिली होती. इस्ट्रोजेन हेसुद्धा स्टेरॉइड संप्रेरकच आहे बरं का. 'स्टेरॉइड' हे आडनाव आहे, एका माणसाचं नाव नाही. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन सगळे त्याच घराण्यातले. व्हिटॅमिन डी हा त्यांचा मावसभाऊ. तेही कोलेस्टेरॉलच्याच कुळातून, आपल्या कातडीत उन्हाने तयार होतं आणि संप्रेरकासारखंच काम करतं. जिममधली मुलं टोचून घेतात ते टेस्टोस्टेरॉनचे नातेवाईक. मामा ज्याला 'ते स्टेरॉइड' म्हणतात, त्याच घराण्यातलं एक जण तुझ्या आईच्या हाडांची राखण करत होतं, आणि ते तिला सोडून गेलं. पुरुष वाचकांनो, तुम्हीही यातून सुटलेले नाही. १९९४ मध्ये डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका माणसाची हकिकत छापली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनची भाषाच कळत नव्हती, कारण ती ऐकणारा रिसेप्टर बिघडलेला होता. टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही तो २०४ सेंटिमीटर उंच झाला होता आणि अजून वाढत होता, पण हाडं विरळ. पुरुषांच्या हाडांनाही इस्ट्रोजेन लागतं, हे तेव्हा सगळ्यांना पटलं.

आता आमवात. सांध्यांतली सूज फक्त सांध्यापुरती राहत नाही. सूज पेटवणारे रेणू रक्तातून फिरतात आणि खणणाऱ्या टोळीला चिथावतात. म्हणजे आमवात उघडा सोडला तरी हाड झिजणारच. मामांच्या हिशेबातून नेमकी हीच रक्कम सुटली आहे. गोळी टाकली की हाडं वाचली, असं ते नाही.

आणि मग गोळी. तिचा पहिला धक्का लवकर बसतो. सुरुवातीच्या महिन्यांत ऑस्टिओक्लास्ट जास्त दिवस जगतात, म्हणून हाड झपाट्याने जातं. नंतर खणणं मंदावतं, पण बांधणाऱ्या टोळीत माणसंच उरत नाहीत, म्हणून घट हळूहळू चालूच राहते. मोडण्याचा धोका पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच वाढलेला दिसतो. मणके आणि बरगड्या आधी, कारण तिथलं हाड जाळीदार असतं आणि ही उलाढाल जाळीच्या पृष्ठभागावर चालते. शिवाय ऑस्टिओसाइट मेल्याने हाडाचा कस उतरतो. घनतेचा आकडा जेवढं बिघडलंय म्हणतो, त्याहून हाड जास्त कमकुवत असतं. म्हणून डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ या ठिसूळपणाच्या रेषेपर्यंत गेला नाही, एवढ्यावर स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाने निर्धास्त राहू नये. आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा समजली. हाड बांधणाऱ्या पेशींमध्ये एक एन्झाइम असतं, ते सुस्त कॉर्टिसोनचं जागं कॉर्टिसॉल करतं. वय वाढतं तसं त्याचं काम वाढतं. म्हणजे तीच १० मिलिग्रॅमची गोळी तुझ्या वयाच्या हाडाला जेवढी बाधेल, त्याहून आईच्या हाडाला बहुधा जास्त बाधणार.

मग डॉक्टरांनी असलं औषध दिलंच का? हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण तुझ्या पत्राच्या मागे तो उभा दिसतो. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं. थोड्याच दिवसांत ती उठून चालू लागली आणि बाजारात खरेदीला गेली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तेव्हाच्या भारी डोसांनी रुग्णांचे चेहरे गोल झाले, हाडं मोडली, मनं बिघडली. खरं तर इशारा आधीच होता. हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये ज्या रुग्णांचं वर्णन केलं, त्यांच्या अंगात आतूनच कॉर्टिसॉल जास्त होतं आणि त्यांची हाडं ठिसूळ झालेली होती. त्या बाईला जे पहिल्या आठवड्यात वाटलं, तेच तुझ्या आईलाही वाटलं असणार. सकाळी मूठ वळत नव्हती, सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि अचानक बोटं तिची झाली. त्या गोळीवर तिचा जीव का जडला, हे आधी समजून घे.

आजच्या पद्धतीत रुमॅटॉइडमध्ये स्टेरॉइड हा पूल असतो. मेथोट्रेक्सेटसारखी मूळ औषधं काम सुरू करायला काही आठवडे ते दोन-तीन महिने घेतात. तोवर माणसाने काय करायचं, म्हणून थोडे दिवस स्टेरॉइड, मग उतरवत उतरवत बंद. तुझ्या घरी पलीकडचा काठ काढून टाकला गेला आणि आई पुलावरच राहायला गेली. मेथोट्रेक्सेट मळमळीमुळे सुटलं, हे कुणी डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फॉलिक ॲसिड, डोसाची फेरजुळणी, गोळीऐवजी इंजेक्शन किंवा वेगळं औषध, असे बरेच मार्ग होते. मेडिकलवाल्यानेही जुनी चिठ्ठी पाहून विचारलं नाही. तू अपराध शोधते आहेस म्हणून सांगते, इतक्या हातांतून गेलेल्या गोष्टीचा सगळा बोजा तुझ्या एका वाक्यावर टाकायला मी तयार नाही. तू 'हो, ठिसूळ होतात' म्हणाली असतीस, तर काय झालं असतं? तिने घाबरून गोळी एकदम बंद केली असती, किंवा घाबरत घेत राहिली असती. दोन्हींत मणका वाचला असता असं मला वाटत नाही. चुकलं ते एवढंच, की 'मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारू' हे वाक्य तुला सुचलं नाही. चोवीसाव्या वर्षी मलाही सुचत नसे.

तुझ्या पत्रात मला आणखी एक खटकलं. मामा बोलतात, तू बोलतेस, एक्स-रे बोलतो. आई बोलत नाही. तिला काय हवंय? शिवण चालू ठेवायचंय? दुखणं किती सोसेल? ती गोळी कमी करायला कबूल आहे का, आणि कमी करताना पहाटेची आखड पुन्हा आली तर ती काय करणार, पुन्हा गुपचूप दुकानात जाणार? हे तिला विचारल्याशिवाय कुठलीही योजना टिकायची नाही.

चालू ठेवायची की बंद, हा दुसरा प्रश्न मला मुळात चुकीचा मांडलेला वाटतो. तिसरी वाट हीच खरी वाट आहे. मूळ आजाराचं औषध पुन्हा बसवायचं, त्याच्या आधाराने स्टेरॉइड सावकाश उतरवायचं, आणि हाडांना आजच संरक्षण द्यायचं. डोस आधी लवकर कमी करता येतो, पण साधारण ५ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावर फार हळू. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे सुमारे २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या तोडीचं, म्हणजे शरीराच्या रोजच्या गरजेच्या आसपासचं. त्याखाली उतरताना ॲड्रिनल ग्रंथींनी स्वतः काम उचलावं लागतं. हा उतार ठरवायला संधिवाततज्ज्ञ हवा. मी इथून वेळापत्रक लिहून देणार नाही.

भेटीला जाताना एका कागदावर लिहून ने. गोळी कधीपासून, किती, मध्ये कधी वाढली, कधी सुटली. मेथोट्रेक्सेट का सोडलं. पाळी कधी गेली. आजीची मांडी किंवा कंबर मोडली होती का. तरुणपणच्या मानाने आईची उंची कमी झाली का. जुनी साडी नेसताना ती कमरेला जास्त खोचावी लागते का, असं विचारलंस तर ती पटकन सांगेल. कंबर आणि मणक्याचा डेक्सा, रक्तातलं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, मूत्रपिंडाची तपासणी, साखर, आणि डोळ्यांची तपासणी, कारण स्टेरॉइडने मोतीबिंदू आणि काचबिंदूही येऊ शकतात. दात आधी दाखवून घ्या. दाढ काढायची असेल तर ती हाडाच्या औषधांआधी काढलेली बरी.

कॅल्शियम चालू आहे म्हणजे हाडांची सोय झाली, हा समज मी माझ्या दवाखान्यात इतक्या वेळा ऐकला की मोजणं सोडलं. कॅल्शियम म्हणजे विटा. गवंडीच गेले असतील तर अंगणात विटांचा ढीग लावून काय उपयोग? विटा लागतातच, दिवसाला आहार धरून १००० ते १२०० मिलिग्रॅम, आणि व्हिटॅमिन डी ६०० ते ८०० युनिट. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, दुधाच्या मोठ्या पेल्यात अडीचशे-तीनशे. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी. डीच्या साठ हजार युनिटच्या पुड्या मात्र वर्षानुवर्षं न तपासता खात राहू नये, तेही अंगावर येतं. पण मणका एकदा दबल्यावर, आणि वय ५६ असताना, एवढ्याने भागत नाही. रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून अधिक काळ घेणाऱ्या प्रत्येकाच्या हाडांचा अंदाज घ्यावा, असं संधिवाततज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुझी आई १० वर आहे.

औषधांत अलेंड्रोनेटची आठवड्याची ७० मिलिग्रॅमची गोळी सर्वांत स्वस्त आणि जुनी. ती खणणाऱ्या टोळीला आवरते. पण घ्यायची रीत कडक. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, चहासोबत अजिबात नाही, आणि नंतर अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. आडवं झालं तर गोळी अन्ननलिका जाळते. पाठदुखीने आईला बसवत नसेल किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल, तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनेट सोपं पडेल. मूत्रपिंडं ठीक असायला हवीत एवढंच. डेनोसुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांनी असतं. त्याची तारीख चुकली किंवा ते मध्येच सोडलं तर हाड उलट झपाट्याने जातं, म्हणून ज्याला गावाहून तारखेला पोचणं अवघड, त्याने विचार करूनच ते धरावं.

आणि टेरिपॅराटाइड. तुला हे आवडेल. स्टेरॉइड ज्या टोळीला मारतं, नेमक्या त्याच ऑस्टिओब्लास्टना हे उठवून कामाला लावतं. २००७ मध्ये स्टेरॉइडमुळे हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांवर त्याची अलेंड्रोनेटशी तुलना झाली, तेव्हा मणक्याची घनता टेरिपॅराटाइडने जास्त वाढली आणि नवे मणके कमी मोडले. रोज स्वतःला टोचायचं आणि खर्च मोठा, ही अडचण. पण मणका आधीच मोडलेला असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचार. मी त्या खुर्चीत असते तर मीही तिकडेच कललेली असते.

पुडीचं काय? सगळे वैद्य सारखे नसतात, आणि मी आयुर्वेदाशी भांडायला इथे बसलेली नाही. पण नाव-गाव नसलेल्या, लेबल नसलेल्या, दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या पुडीत बरेचदा स्टेरॉइडच कुटून घातलेलं सापडतं. एकदा एक आजोबा माझ्याकडे अशी पुडी घेऊन आले होते. चेहरा चंद्रासारखा, हातपाय काड्या, कातडीवर काळेनिळे डाग. 'मी स्टेरॉइड कधी घेतलं नाही,' असं छातीला हात लावून सांगत होते, आणि खरंच सांगत होते. ज्या औषधाच्या भीतीने मामा पुडी देताहेत, तेच औषध, डोस न कळता, तिच्या पोटात जाऊ शकतं. मामांना हे अपमान न करता सांग. त्यांनी बहिणीच्या काळजीपोटीच आणली आहे. पुडी फेकू नकोस, डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा. एखादा चिमटा जरी घेतला गेला असेल तर तेही लपवू नका.

घरातल्या गोष्टी भरभर सांगते. बादली, गॅसचा सिलिंडर, कमरेत वाकून केर काढणं बंद. लांब दांड्याचा झाडू आणा. शिवण खुर्चीवर बसून, पाठीला आधार देऊन. न्हाणीघरात रबरी मॅट, पायपुसणं घसरतं तर काढून टाका, रात्री जाता-येता दिवा. डॉक्टर म्हणतील तेव्हापासून रोज चालणं. आईच्या पाकिटात एक चिठ्ठी असू दे, 'मला रोज प्रेडनिसोलोन चालू आहे', कारण ताप, उलट्या किंवा ऑपरेशनच्या वेळी डोस वाढवावा लागतो. पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी अडणं, असं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. जांघेत खोल दुखून लंगडायला लागली तर तेही लगेच दाखवा. स्टेरॉइडने मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. कोविडमध्ये स्टेरॉइड मिळालेल्या काही रुग्णांत हे झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं.

इतर वाचकांपैकी दम्याचा पंप घेणाऱ्यांनी हे वाचून पंप खाली ठेवू नये. त्यातलं औषध रक्तात फार थोडं उतरतं, आणि पंप सोडल्यावर दम्याचा झटका येऊन पोटातून स्टेरॉइड घ्यायची वेळ आली तर सौदा उलटाच महागात पडतो.

तुझ्या आईची हाडं भरून येतील का, हा प्रश्नही तुझ्या मनात असणार. दबलेला मणका पूर्ववत उंच होणार नाही. जाळीचे जे धागे पुरते तुटले तेही पुन्हा जुळायचे नाहीत. पण डोस उतरला की बांधणाऱ्या पेशी पुन्हा तयार होऊ लागतात आणि मोडण्याचा धोका खाली येतो. ५६ हे वय त्यासाठी काही फार नाही.

राहिली माफी. मागायची असेल तर माग, पण रडू नकोस, नाहीतर तीच तुला समजावत बसेल. त्यापेक्षा ती तपासणीसाठी शहरात येईल तेव्हा गाइडची परवानगी काढून तिला लॅब दाखव. लाल झालेली प्लेट आणि तेलाच्या थेंबांनी भरलेली प्लेट शेजारी ठेव, आणि दोन्हींत काय घातलंय ते सांग. जिने आयुष्यभर एकाच कापडातून कधी बाही, कधी गळा बेतला, तिला तुझ्यापेक्षा लवकर समजेल. अपॉइंटमेंट मात्र आधी संधिवाततज्ज्ञांची घे, आणि एक्स-रे घडी न घालता आण.